चुंबकाचं वरण

२५ नोव्हेंबर २००१, रविवार
रोजनिशी आजपासून. बी.एस्सी. बी.एड. झालेल्या माणसाने नोंदी ठेवल्याच पाहिजेत. वारंगा फाट्याच्या हायस्कुलात नववी-दहावीच्या पोरांना हे मी अठरा वर्षं सांगतो आहे. स्वतः ठेवल्या नाहीत, कारण नोंद घेण्यासारखं काही घडलं नव्हतं.

आज घडलं. नव्या घराच्या बोअरला पाणी लागलं. दोनशे दहा फुटांवर. फवारा उडाला, बायकोने, मंजुषाने, हळदकुंकू वाहिलं, लेक रागिणीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या तातेरावची बोअर फक्त नव्वद फूट. म्हणजे माझं पाणी त्याच्यापेक्षा एकशे वीस फूट जास्त गाळून आलेलं. हे शास्त्र आहे.

जागा मीच निवडली. ज्ञानबा पाणाड्या हातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरला आणि तातेरावच्या भिंतीजवळ त्याचा नारळ उभा राहिला. तातेरावचं पाणीही ह्याच नारळाने दाखवलेलं. मी नकार दिला. एक तर नारळ हे उपकरण नव्हे. दुसरं, भिंतीजवळ मोटार बसवली असती तर 'मास्तर माझ्याच झऱ्याचं पितो' असं तातेराव जन्मभर सांगत बसला असता. तो माझा वर्गमित्र. दहावीला विज्ञानात नापास. फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान. आमच्यात स्पर्धा अशी कधी नव्हतीच.

२९ नोव्हेंबर
वरण शिजलं नाही. चार शिट्ट्या. डाळ जुनी असणार.

३० नोव्हेंबर
नवी डाळ. सहा शिट्ट्या. तरी दाणे दाताखाली. कुकरची रिंग ढिली. मंजुषा म्हणाली, भाड्याच्या घरात ह्याच रिंगवर तीन शिट्ट्यांत होत होतं. मी म्हणालो, तेव्हा रिंग नवी होती.

२ डिसेंबर
नवी रिंग. सात शिट्ट्या. दाणे जैसे थे.
तातेरावच्या घरातून तीनच शिट्ट्या ऐकू आल्या. मोजत नव्हतो. कानावर पडल्या.

३ डिसेंबर
आज त्यांच्या तीनच.

४ डिसेंबर
तीन.

९ डिसेंबर
अंगाच्या साबणाला फेस येत नाही. पाट्यावर घासल्यासारखी वडी झिजते, पण फेस नाही. अंगावर चिकट पांढरं काहीतरी राहतं. दुकानदाराला सुनावलं की नकली माल ठेवतोस. तो म्हणाला, तातेरावकडे हाच साबण जातो. हा विषय त्याने काढायला नको होता.

मंजुषाची तक्रार : केस काथ्यासारखे झाले, स्टीलच्या पेल्यांवर पांढरे डाग बसतात, हीटरच्या कॉइलवर खरपुडी धरली. मी समजावलं की हा पांढरा थर म्हणजे कॅल्शियम. हाडांना उत्तम. शेजाऱ्यांना हे मिळत नाही.

११ डिसेंबर
सुमनबाईंनी, म्हणजे तातेरावच्या बायकोने, वरणाचं पातेलं पाठवलं. मायलेकींनी ताव मारला. मी तुलनेसाठी चमचाभर घेतलं. चव साधारण. एका चमच्यात निष्कर्ष निघत नाही म्हणून दोन वाट्या घ्याव्या लागल्या.

१४ डिसेंबर
तातेराव घरी आला. बनियनवर. टायरच्या काळ्यात दिवसभर हात घालणारा माणूस, आणि बनियन माझ्या शाळेच्या शर्टापेक्षा पांढरं. निळीचा अतिवापर करत असणार.

अंगणातल्या नळाखाली त्याने हात धरला, घोटभर चाखलं आणि मंजुषासमोर म्हणाला, "मास्तर, पाणी जड हाय तुझं. काहून घरच्यायचे हाल करून राहिला? आमच्या नळावरून भरत जा दोन घागरी."

दहावी नापास माणूस मला पाण्याचं शास्त्र सांगतो! मी शांतपणे चहा दिला. चहावर तवंग आला होता. तो त्याने फुंकरीने बाजूला सारला आणि काही बोलला नाही. हे न बोलणं मुद्दाम होतं.

तो गेल्यावर घरात जाहीर केलं : त्या नळाचा एक थेंबही ह्या घरात येणार नाही. रागिणी आईकडे बघत राहिली. मंजुषा पेले घासत राहिली.

१७ डिसेंबर
योगायोगाने नववीला आज हाच धडा. सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. फळ्यावर लिहून दिलं : दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो, भांड्यांवर पांढरे थर बसतात, डाळी लवकर शिजत नाहीत. पोरांनी उतरवून घेतलं. एकाने विचारलं, सर, असलं पाणी कुठं सापडतं? मी म्हणालो, राजस्थानात.
माझी रागिणी ह्याच वर्गात आहे. ती खिडकीबाहेर बघत होती. लक्ष नसतं तिचं.

२० डिसेंबर
प्रात्यक्षिक. प्रत्येकाने दोन ठिकाणचं पाणी आणायचं, बाटलीत साबणाच्या द्रावणाचे दहा थेंब टाकून हलवायचं, फेस मोजायचा. रागिणीने चिठ्ठ्या लावल्या होत्या : 'अ, आमचं घर. ब, तातेराव काका.' ब मध्ये तीन बोटं फेस. अ मध्ये फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण.
वर्ग बघत होता. मी तिच्या वहीत शेरा मारला : 'नमुन्यांची अदलाबदल झालेली दिसते.' दहापैकी सहा. स्वतःच्या मुलीला झुकतं माप देणारा मी नव्हे.

२४ डिसेंबर
एक शास्त्रज्ञ म्हणून, पाण्यात किंचित सुधारणेला वाव आहे हे मान्य करायला हरकत नाही. टाकीत तुरटी फिरवली. शंभर वेढे.

२६ डिसेंबर
तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. हे मला माहीत होतंच. खात्री करून घेतली. आठ शिट्ट्या.

१ जानेवारी २००२
संकल्प :
पाण्याचा प्रश्न मकरसंक्रांतीपर्यंत निकालात काढणे.
तातेरावच्या शिट्ट्या न मोजणे.

५ जानेवारी
पाणी अर्धा तास उकळून, निववून, वरचं ओतून घेतलं. पातेल्याच्या तळाशी चुन्यासारखा थर. खरवडून बाटलीत भरला, तारीख घातली. वरण थोडं बरं, पण मंजुषा म्हणाली सिलिंडर महिनाभर जायचा तो बारा दिवसांत जाईल, आणि सिलिंडरसाठी कळमनुरीला नंबर कोण लावणार? स्त्रियांना दीर्घ पल्ल्याचं दिसत नाही.

९ जानेवारी
धुण्याचा सोडा. फक्त अंघोळीच्या टाकीत. फेस आला! विजय!

१० जानेवारी
अंगाला खाज. रागिणीच्या कोपरांवर चट्टे. सोड्याचं प्रमाण जरा वर गेलं असावं. अंदाजाने टाकलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
मंजुषाने हळदीकुंकवाला बायका बोलावल्या. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. अर्धा तास बायका एकच बोलत होत्या : सुमनबाईंचे केस कसे मऊ, सुमनबाईंच्या पातळाला कशी झळाळी, सुमनबाईंच्या हातच्या वरणाला काय चव. केस, पातळ, वरण. तिन्ही गोष्टी नळातून येतात, बाईतून नव्हे. हे एकीलाही कळलं नाही.
मत्सर हा माझा स्वभाव नाही. नोंद म्हणून लिहिलं.
(तातेराव : तीन शिट्ट्या.)

२० जानेवारी, रविवार
सापडलं. नांदेडच्या स्टँडवर घेतलेल्या मासिकात. पाइपावर शक्तिशाली चुंबक बांधलं की क्षारांच्या कणांची दिशा बदलते आणि पाणी नरम होतं. परदेशात कारखान्यांत वापरतात. रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढून स्वयंपाकघराच्या पाइपावर सुतळीने आवळलं. रेडिओ आता बोलत नाही. विज्ञानाला बळी लागतो.

२१ जानेवारी
नऊ शिट्ट्या. दाणे तसेच. चुंबकाला वेळ दिला पाहिजे.

२२ जानेवारी
दहा. मी ताट सरकवलं. तसाच शाळेत गेलो. जाताना सांगितलं की उद्याही हेच झालं तर गाडी बोलावून बोअर आणखी शंभर फूट खाली नेणार. मंजुषा दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. रागिणीच्या फीचं काय, एवढंच तिने विचारलं.  शास्त्रज्ञाला कुटुंब समजून घेत नाही.

२३ जानेवारी
तीन शिट्ट्या.
लोण्यासारखं वरण. पळीने घोटावंही लागलं नाही. मी चार वेळा भात घेतला. चुंबक! माझं चुंबक! मंजुषा खाली मान घालून वाढत होती. भारावली असावी.

२४ जानेवारी
पुन्हा तीन. आता हा योगायोग नाही.
मंजुषाने एक अट घातली : चुंबकाचं पाणी स्वयंपाकाआधी झाकून निवत ठेवावं लागतं, ते ती बघेल, मी सकाळी स्वयंपाकघरात येऊ नये. तिला विज्ञानात रस निर्माण झालेला पाहून समाधान वाटलं.

३० जानेवारी
निरीक्षण : अंघोळीच्या पाण्याला अजून फेस नाही. कारण उघड आहे. बाथरूमचा पाइप लांब पडतो.

३ फेब्रुवारी
मंजुषा हल्ली पाचला उठते. मला सहाला जाग येते तेव्हा तिच्या पदराची कड ओली असते आणि ओट्याजवळ फरशीवर पाण्याचे गोल ठसे. फरशी नीट पुसत जा, असं सांगितलं. कंबर दुखते म्हणते. नव्या घरात पाणी भरायचे कष्ट राहिले नाहीत, त्यामुळे शरीर आळसावलं आहे. व्यायाम सुचवला.

१० फेब्रुवारी
तातेराव भिंतीवरून डोकावून विचारत होता की मास्तर, वहिनी सांगत होत्या चुंबकाने कमाल केली म्हणून, मला पण एखादं बसवून देतोस का. चेहरा गंभीर होता. आयुष्यात पहिल्यांदा तातेरावला माझ्याकडची वस्तू हवीशी वाटली! मी म्हणालो, नव्वद फुटांच्या पाण्याला ते चालत नाही. तो व्हय म्हणून गेला.
दिवसभर मन प्रसन्न.

१२ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये माझ्याच नावावरून पद्धतीचं नाव जाहीर केलं : वैजनाथ पद्धती. गणिताच्या सरांनी चहाचा कप आपटून दाद दिली. हेडमास्तरांनी विचारलं, खरंच शिजतं का? मी म्हणालो, घरी येऊन खा.

१६ मार्च
तातेरावने दुकानासमोर पाणपोई घातली. चार रांजण, ओला कपडा गुंडाळलेले, वर कडुलिंबाची सावली. नरसीला दर्शनाला जाणारे लोक जीपमधून उतरून पितात, तोंड पुसतात, 'देव भलं करो' म्हणतात. रोज शंभर माणसं तातेरावचं भलं व्हावं म्हणून सांगून जातात. देवाने तरी किती ऐकायचं?

१७ मार्च
मीही पाणपोई घालणार. स्पर्धा म्हणून नाही. तहानलेल्यांची सोय म्हणून. त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे.

२० मार्च
पाणपोई सुरू. दोन रांजण आणि फलक : 'शास्त्रशुद्ध थंड पाणी.' दुपारच्या सुट्टीत जाऊन बघितलं. पिणारे दोन. दोघांनी पहिला घोट रस्त्यावर थुंकला आणि पलीकडे जाऊन तोंड धुतलं.

२१ मार्च
धर्मसिंग नावाचा ट्रकवाला इंदूरहून हैदराबादला जाताना इथे थांबतो. त्याचं रेडिएटर तापलं होतं. मी स्वतः रांजणातून बादली भरून दिली. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाला, "मास्तरजी, ये पानी इंजन को नक्को. जाली चोक हो जाती." मग बादली परत माझ्या हातात दिली. आदराने दिली. पलीकडे तातेरावच्या नळाखाली त्याने आपली बादली लावली.
यंत्राला काय चालतं आणि माणसाला काय चालतं ह्यात फरक असतो.

२३ मार्च
मिराबाईच्या शेळ्या रांजणाशी आल्या. हुंगलं. गेल्या. पलीकडे रांग लावून प्यायल्या.
शेळ्या.

२४ मार्च
कारण सापडलं. रांजण अंगणातल्या नळावरून भरत होतो. तिथे चुंबक नाही! स्वयंपाकघरातलं चुंबक काढून अंगणातल्या पाइपावर बांधलं. मंजुषाला सांगितलं, आज वरणाचं काही खरं नाही, पण समाजासाठी सोसलं पाहिजे.

दुपारी : वरण तीन शिट्ट्यांतच.
चुंबक काढल्यावरही! पाइपाला सवय लागली आहे. हा शोध मूळ शोधापेक्षा मोठा. वेगळ्या वहीत नोंदवला.

२९ मार्च
पाणपोईचे रांजण शाळेच्या बागेसाठी दिले. पोरं वाटेल तिथे पाणी पितातच. फलक घरी आणला, चुंबक परत स्वयंपाकघराच्या पाइपावर बांधलं.

७ एप्रिल
हेडमास्तरांनी पुन्हा आठवण केली, काय झालं तुमच्या वरणाचं? ठरवून टाकलं. २८ एप्रिल, रविवार, सकाळी अकरा. वैजनाथ पद्धतीचं जाहीर प्रात्यक्षिक. हेडमास्तर, गणिताचे सर आणि मुख्य म्हणजे तातेराव सपत्नीक. नळातून सर्वांदेखत पाणी घ्यायचं, सर्वांदेखत कुकर लावायचा, तीन शिट्ट्या सर्वांनी मोजायच्या. तातेरावने समोर बसून माझ्या पाण्यात शिजलेलं वरण खायचं. त्या घासाकडे मी बघणार आहे.

८ एप्रिल
मंजुषाला बेत सांगितला. ती म्हणाली, नळातून कशाला, भरून ठेवलेलं घेऊ की. मी म्हणालो, प्रयोगात लपवाछपवी नसते. ती म्हणाली, एक सांगायचं होतं. मी म्हणालो, आधी पाहुण्यांची यादी. मग ते राहिलं.

१९ एप्रिल
ती पुन्हा म्हणाली, एक सांगायचं होतं. पेपर तपासायचे होते.

२७ एप्रिल, संध्याकाळ
आज जेवताना म्हणाली, उद्याचं रद्द करा. विचारलं, का? म्हणाली, कंबर धरली. मी सांगितलं की उद्या तिला काहीच काम नाही, सगळं चुंबक करणार आहे. रागिणी जेवता जेवता उठून गेली.
तातेरावला सकाळी निरोप दिला तेव्हा त्याने डोकं खाजवत विचारलं, मास्तर, नळातूनच घ्यायचं का रे पाणी? घाबरला आहे.

२८ एप्रिल, रविवार
काय झालं ते क्रमाने लिहितो. प्रयत्न करतो.

साडेनऊला हेडमास्तरांना आणायला निघालो. मंजुषा घरात नव्हती. सुमनबाईंकडे गप्पा मारत असेल असं धरलं. साडेदहाला हेडमास्तर आणि गणिताच्या सरांना घेऊन परत आलो, तरी घरात कोणी नाही. तातेरावच्या दाराला कडी. शेवटच्या क्षणी पळ काढला, असं मी हसून म्हणालो. पाहुणे हसले.

प्रयोग थांबवता येत नव्हता. मीच डाळ धुतली. मीच सर्वांदेखत नळ सोडला. कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. मी थाटात झाकण काढलं. छर्रे. डाळ तळाशी छर्र्यांसारखी, वर पांढरट पाणी. मी म्हणालो, झाकण लवकर काढलं. पुन्हा लावला. पाच. सात. गणिताचे सर मोठ्याने मोजत होते, आकडेच ते, त्यांना सवय आहे. नवव्या शिट्टीला रागिणी दारात आली. पायात चप्पल नाही.

ती म्हणाली, "पप्पा, मम्मी तातेराव काकांच्या नळावर पडली. हात मोडला. काका-काकू तिला काळी-पिवळीत घालून नांदेडला घेऊन गेले. तुमाला शाळेत शोधून आले मी."

तिथे काय करत होती ती, असं मी विचारलं. खरोखर विचारलं. हेडमास्तर बसलेले असताना.

रागिणी म्हणाली, "पाणी भरत होती. आज सहा घागरी भरून ओट्याच्या नळाला जोडलेल्या टाकीत टाकणार होती. नळातून तेच यावं म्हणून."

गॅस हेडमास्तरांनी बंद केला.

२९ एप्रिल, नांदेड
डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले की कंबरेलाही ताण आहे, वजन उचलतात का?  

काल दुपारी मी पोचलो तेव्हा तातेराव बाकावर बसून होता. बनियनवरच आला होता. त्यावर रक्त होतं, तिचं कोपर खरचटलं ते. मला बघून उठला, जागा दिली आणि चहा आणायला गेला.

मी तिच्या खाटेजवळ बसलो. बरंच काही बोलायचं तयार करून आणलं होतं. मी तुला त्या नळावर जायला मनाई केली होती, इथून सुरुवात होती. ते निघालं नाही. शेवटी विचारलं, किती दिवस?

ती म्हणाली, "तेवीस जानेवारीपासून. रोज दोन घागरी. तुमी उपाशी शाळेत गेलते, अन् बोअर अजून खाली न्यायला निघालते. पोरीच्या फीवर गदा आली असती." मग भिंतीकडे तोंड केलं. "तुमचं चुंबक तीन महिने माझ्या कंबरेवर होतं."

ह्या वाक्याला मला काही जोडायचं नाही. तिने म्हटलं म्हणून लिहिलं.

३० एप्रिल
बाहेर सुमनबाईंनी सांगितलं. तातेरावला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मंजुषाने त्याला शपथ घातली होती की सरांना कळू द्यायचं न्हाई, त्यायला लागेल. चुंबक मागायला आला तोही त्यासाठीच. मंजुषाच त्याला म्हणाली होती, शेजाऱ्याने मागितलं की त्यांना खरं वाटेल.

म्हणजे त्याला माझ्याकडची कुठलीही वस्तू कधी हवी नव्हती.

हे मला हाड मोडल्याच्या बातमीइतकंच लागलं. असं लागू नये, हे कळतं. लागलं.

३ मे
मंजुषाला घरी आणलं. सुमनबाई डबा देतात. वरण तीन शिट्ट्यांचं. खाताना मान वर करत नाही.

पाइपावरचं चुंबक सोडलं. रेडिओत परत बसवून पाहिलं. बोलत नाही.

४ मे
डबा किती दिवस घेणार? मंजुषा म्हणाली, पाणी तुमी आणा, शिजवायचं मी सांगते. मी म्हणालो, बघतो. सुट्ट्या लागल्या आहेत, सबब नाही.

५ मे, रविवार, सकाळी सहा
आणलं.

सविस्तर : तातेरावच्या नळावर रांग होती. बायका सहा, मी सातवा. कोणी हसलं नाही. एकीने विचारलं, वहिनीचा हात कसाय? माझ्या पुढच्या बाईची घागर माझ्यापेक्षा मोठी होती आणि भरभर भरत होती. तातेराव दात घासत उभा होता. म्हणाला, "मास्तर, पहिल्या दिवशी निम्मीच भर." मी काठोकाठ भरली. घरी पोचली तेव्हा निम्मी होती. बाकीची शर्टावर.

मंजुषा ही वजनं रोज दोन आणत होती, अंधारात, निसरड्या फरशीवरून, आणि मी तिला व्यायाम सुचवला होता. ती नोंद वाचली. खोडणार होतो. खोडली नाही.

६ मे
आज तातेरावशी बोललो. पाठ करून गेलो होतो. सुरुवात अशी होती की आपण एका बाकावर बसायचो. तो टायर ठोकत होता. ऐकलं आणि म्हणाला, बस तिथं, रिम धर जरा. मी रिम धरली. अर्धा तास. हात काळे झाले. ते धुवायला त्याच्या नळावर गेलो. साबण लावला. फेसच फेस! कोपरापर्यंत. मी किती वेळ हात धूत होतो कोण जाणे, मागे बघितलं तर तो हसत होता. वाईट हसत नव्हता. तरी नळ बंद केला.

८ मे
आमच्या बोअरचं पाणी काय करायचं ते रागिणीने कागदावर लिहून भिंतीला लावलं. फरशी, झाडं, संडास : आपलं. पिणं, डाळ, केस : काकांचं. हीटरच्या कॉइलवरची खरपुडी लिंबाच्या रसाने सुटते, हेही तिने शोधून काढलं. कॉइल रात्रभर भिजवली, पापुद्रे निघाले. मला हे माहीत होतं. नाही, नव्हतं.

९ मे
शाळेत गेलो. कपाटातून नववीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या काढल्या. रागिणीच्या वहीतला शेरा खोडला. लिहिलं : 'नमुने बरोबर होते.' दहापैकी नऊ. सहीखाली आजची तारीख. दहा देणार होतो, पण अक्षर तिचं खरंच बरं नाही.

१२ मे, रविवार
दोन घागरी. दुसरीही तीन चतुर्थांश पोचली. रांगेत पाचवा.

आज सगळा स्वयंपाक माझा. मंजुषा उंबऱ्याशी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली आणि सांगत गेली. डाळ धुवा. दुसऱ्यांदा धुवा. हळद. एवढी नको. मी तातेरावच्या घरातली कुठलीही शिट्टी ऐकली नाही, कारण आपला कुकर लावलेला होता. एक, दोन, तीन. झाकण निघालं. डाळ विरघळलेली, पिवळीधमक. फोडणी मी न विचारता घातली. मीठही न विचारता घातलं, तेवढं मला येतं.

ताट वाढलं. उजव्या हाताने तिने भात कालवला. पहिला घास घेतला. मी समोर बसून बघत होतो.

म्हणाली, पाणी चांगलं हाय. वरण खारट झालं.